गैरहजेरीचे बारीक ठिपके

“युफोनियम! नॉट यू! नॉट यू, मिस्टर कडॅम!”

मार्गरेटबाई ओरडल्या आणि चाळीस माणसांचा बँड करकचून ब्रेक मारलेल्या एसटीसारखा पुढे कलंडून थांबला. ड्रमवाला एकटाच दोन ठोके पुढे गेला, मग तोही ओशाळला. बाईंची उंची पावणेपाच फूट, वय सत्तरीपार, जन्म शाळेत पोरांना संगीत शिकवण्यात गेलेला. आवाज असा, की साउथहॅम्प्टनच्या बंदरातून सुटलेल्या एखाद्या जहाजाला आपल्यालाच बोलावलं असं वाटून ते परत फिरावं.

कडॅम म्हणजे मी. दत्ताराम कदम, पोलीस बँडमधला निवृत्त हवालदार. मांडीवर युफोनियम. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: ट्युबाचं धाकटं भावंड, सगळं पितळ, वजन एखाद्या खात्यापित्या बाळाएवढं, आणि आवाज म्हैस प्रेमात पडली तर काढेल तसा. मी हे तीस वर्षं वाजवलं. एका परेडला मी शेवटचा स्वर इतका लांब धरला, की तेवढ्यात पाहुण्यांचं भाषण उरकलं आणि मांडववाल्याने खुर्च्या गोळा करायला घेतल्या. ऐकणाऱ्याने हवं तर ह्यातलं निम्मं सोडावं. निम्मंसुद्धा पुष्कळ आहे.

परत येऊन महिना झाला, तरी ते “नॉट यू” अजून कानात आहे. आणि अंगात तिथला शीण. लोक परदेशी जाऊन ताजेतवाने होऊन येतात म्हणे; मी गेलो तो दमून, राहिलो दमून आणि आलो तो दमलेल्या सगळ्या गावाचा शीण पिशवीत घालून.

साउथहॅम्प्टन, गुरुवार

माझी मुलगी शुभांगी तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर आहे. जावई अजून नाही, आणि हे प्रवासवर्णन त्या विषयावर नाही. हिने, म्हणजे शुभाच्या आईने, “जे यंत्र हवेत थांबू शकत नाही त्यात मी बसणार नाही” असं सांगून यायचं टाळलं. तेव्हा मी एकटा. लंडनला उतरलो, ईलिंगमध्ये एका जुन्या सहकाऱ्याच्या भाच्याकडे पोहे खाल्ले, आणि बसमध्ये जो झोपलो तो शुभाने खांदा हलवला तेव्हा उठलो. तिच्या डोळ्यांखाली एवढी काळी वर्तुळं होती, की प्रवास मी केला की तिने, असा प्रश्न पडला.

शुभा तिथल्या एका हौशी बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवते. लहानपणी मीच तिला क्लॅरिनेटवर बसवलं होतं. मेडिकलला गेली आणि ते सुटलं. तिकडे गेल्यावर बँडने आपला एक जुना सॅक्सोफोन वापरायला दिला, बोटांना सगळं आठवलं. त्यांचा युफोनियमवाला गुडघा बदलायला झोपला होता. शुभा चहाच्या वेळी सहज बोलून गेली, “माझे बाबा वाजवायचे.” झालं! मी उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी मार्गरेटबाई स्वतः वाद्य घेऊन दारात.

“अहो, पण माझी वरची कवळी आहे,” मी म्हणालो.

शुभाने भाषांतर केलं.

“आमच्या तिसऱ्या ट्रॉम्बोनची वरची आणि खालची, दोन्ही आहे,” बाई म्हणाल्या, आणि वाद्य सोफ्यावर ठेवून गेल्या.

कार्यक्रम रविवारी दुपारी कार्डिफला होता, आणि सगळाच्या सगळा जपानी. मला वाटलं कोटो-बिटो, त्यांची ती तारांची वाद्यं, असतील. छे! जपानात म्हणे शाळेशाळेत बँड, आणि रेडिओवर एखादं गाणं गाजलं रे गाजलं की त्याची बँडसाठी मांडणी छापून हजर. त्यांचे जुने प्रेमाचे चित्रपट, नाचाची गाणी, सगळं क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्युबावर. सोलो आला की वाजवणाऱ्याने उभं राहायचं. मध्येच टाळ्या. आणि सगळे दमून आले की नेमका तिथे अख्खा सूर एक पायरी वर चढतो, जिन्याच्या शेवटी आणखी एक पायरी निघावी तसा. ही गाणी मुळात शाळकरी पोरांसाठी. ती पोरं आईच्या पोटात असतानाच सरगम उरकून येत असणार. इथे मात्र ड्रमवर दिवसभर बस चालवलेला बसड्रायव्हर, ट्युबावर प्लंबर, क्लॅरिनेटच्या अख्ख्या रांगेत हॉस्पिटलच्या नर्सा, आणि एक जण दर विश्रांतीच्या चिन्हाला खरोखर विश्रांती घ्यायचा. डोळे मिटून.

आता माझा गुन्हा, गुरुवारच्या तालमीतला. एका संथ गाण्यात शुभाचा सोलो होता. बारा मापं, म्हणजे ताल बारा वेळा फिरेपर्यंत, उभं राहून. माझ्या कागदावर तिथे स्वरांचे बारीक बारीक ठिपके छापलेले. आमच्या पोलीस बँडमध्ये सगळं संगीत हाताने उतरवलेलं असायचं. उतरवणारे आमचे जमादार मास्तर जोरात वाजवायचं तिथे ठिपके बोराएवढे काढायचे आणि हळू वाजवायचं तिथे मोहरीएवढे. हळू की जोरात ते सांगणारे इटालियन शब्द कोण वाचतो? तीस वर्षं मी आकार बघून वाजवलं. तेव्हा मी ते बारीक ठिपके अगदी हळुवार, जीव ओतून वाजवले. शुभाच्या सोलोवर. पहिल्यांदा बाईंनी नुसतं बघितलं. दुसऱ्यांदा काठी आपटली. तिसऱ्यांदा ते जहाज परत फिरवणारं ओरडणं.

“बाबा, गप्प बसा ना,” शुभा मागे वळून मराठीत म्हणाली. कान लाल.

तेवढ्यात साडेआठ झाले. तिथे साडेआठ म्हणजे चहा. गाणं अर्ध्यावर असो, स्वर तोंडात असो, वाद्यं खाली. आमच्याकडे एसपीसाहेब आल्याशिवाय चहा मिळायचा नाही. इथे चहाच एसपी. बिस्किटं मात्र अशी मऊ, की चहात बुडवली की आत्महत्याच करतात.

चहाला माझ्याजवळ मिचिकोबाई आल्या. पन्नाशीच्या, फ्लूट वाजवणाऱ्या, तिथेच लग्न होऊन स्थायिक झालेल्या. ही सगळी गाणी त्यांनीच माहेराहून आणली होती. वर जपानीत लिहिलेल्या सूचना फक्त त्यांनाच वाचता यायच्या. त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं आणि मला झेपेल अशा सावकाश इंग्रजीत म्हणाल्या,

“हे बारीक स्वर तुमचे नाहीत. हे दुसऱ्याचे आहेत. तो आला नाही, तरच तुम्ही वाजवायचे.”

“म्हणजे?”

“जपानात लहान गावातल्या शाळेत बँडला वीसच मुलं असतात. कोणी आजारी पडतं. कोणी आलं नाही म्हणून गाणं अडायला नको. म्हणून एकाचा सोलो दुसऱ्याच्या कागदावर बारीक छापतात.”

मला हे फार आवडलं. आमच्याकडे कोणी गैरहजर असला की त्याच्या नावापुढे लाल शाईचा ‘गै’ पडायचा आणि त्याची जागा मोकळी ठेवून आम्ही वाजवायचो. मी तसं म्हणालो. वाटलं, बाई खूश होतील.

“मला एकदा गोवर आला होता,” त्या म्हणाल्या. “माझा सोलो हॉर्नवाल्या मुलाने वाजवला. सगळे म्हणाले, छान झालं, काहीच कळलं नाही.” कप खाली ठेवला. “मी दोन वर्षं फ्लूट उघडली नाही.”

माझं बिस्किट तेवढ्यात चहात बुडालं.

शुक्रवार आणि शनिवार

शुक्रवारी मी एकटाच बंदरावर गेलो. एक सहलीचं जहाज उभं होतं, त्याच्यापुढे आमचं अख्खं तालुक्याचं गाव म्हणजे होडी. बाकावर एक आजोबा बसले होते. मी ‘गुड मॉर्निंग’ म्हणालो, तर ते “हवा बरी आहे” म्हणाले आणि आमचं संभाषण संपलं. दोघं तासभर शेजारी बसलो. इतका सुखाचा शेजार मला तीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता.

घरी आलो तेव्हा शुभा कामावर निघत होती. फ्रिजवर तिच्या ड्यूट्यांचा कागद, ज्याला तिथे रोटा म्हणतात. चौकटी-चौकटीत ‘लाँग डे’, ‘नाइट’, ‘नाइट’. कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीसुद्धा ‘नाइट’. कार्यक्रमानंतरच्या शनिवारी एकच चौकट ‘ऑफ’, आणि त्यात पेन्सिलीने लिहिलेलं: सॅक्स परत.

“हे काय गं?”

“परत देणार आहे मार्गरेटला. रविवारचा कार्यक्रम झाला की बास.” ती बूट घालत होती. “आय ॲम डन, बाबा.”

“का? बोटं तर छान चालतात.”

“बोटांचा प्रश्न नाहीये. थिएटरमध्ये दिवसभर मी लोकांच्या छातीकडे बघते. वर, खाली. वर, खाली. घरी आल्यावर स्वतःची हलते की नाही बघायचाही कंटाळा येतो. फुंकायला दम कुठून आणू?”

थिएटर म्हणजे ऑपरेशनचं. नाटकाचं नाव काढायला तिला तीन वर्षांत सवड झाली नव्हती.

मला बोलता आलं नाही. हे माझ्या बाबतीत इतकं दुर्मीळ आहे, की हिला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, “डॉक्टरला दाखवा.” मी म्हणालो, “डॉक्टरमुळेच झालंय.” खरं कारण असं, की त्या घरात एवढी एकच वस्तू कामाची नव्हती. बाकी सगळं कामाचं. इस्त्रीचे कपडे, गोठवलेलं जेवण, तीन घड्याळं. तो सॅक्सोफोन गेला असता, तर उरली असती ती फक्त ड्यूटी. पोलिसात मी अशी माणसं पाहिलीत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना कळत नाही, की बसायचं कुठल्या खुर्चीवर.

शनिवारी घरात मी सराव केला. पाऊण तासात ओठ भिजल्या पापडासारखा झाला. कुंपणापलीकडची म्हातारी म्हणाली, “फार सुंदर. किती वेळ चालणार आहे?” शुभाने भाषांतर करताना आवाज बदलला, त्यावरून मी ताडलं, की हे कौतुक नव्हे. तिथे नकारसुद्धा लोणी लावून देतात.

आणि हो, बारीक ठिपक्यांवर मी तांबड्या पेन्सिलीने काट मारली. शपथ घेऊन. मुलगी हजर असताना बाप वाजवणार नाही.

रविवार, रस्ता

सकाळी कोच निघाली. शुभा रात्रपाळीहून थेट ट्रेनने कार्डिफला येणार होती, म्हणून तिचा सॅक्सोफोन माझ्या मांडीवर, युफोनियम पायात, आणि सव्वादोनशे मैल रस्ता. (नकाशावर तो त्याच्या निम्मा आहे. पण नकाशा मांडीवर सॅक्सोफोन घेऊन मोजलेला नसतो.) मी करून नेलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. बसड्रायव्हर ड्रमवाला प्रवासी म्हणून बसलेला. त्याने एक तुकडा चटणीत बुडवला. त्याच्या डोक्यावर जे केस नव्हते, तेसुद्धा उभे राहिले. मग म्हणाला, “आणखी आहे?” पुढच्या अर्ध्या तासात डबा क्लॅरिनेटच्या रांगेतून फिरून रिकामा परत आला आणि त्यात त्यांनी अंड्याचं सँडविच ठेवलं होतं. त्रिकोणी, थंड, निर्विकार. मी खाल्लं. पाहुणचाराची परतफेड नाकारू नये.

मोठ्या पुलावरून खाडी ओलांडली की वेल्स. पाट्या दोन भाषांत. रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ARAF. वळण आलं की अराफ. शाळा आली की अराफ. मला वाटलं हे कोणी मोठे पुढारी असावेत. आमच्याकडेही भिंतीभिंतींवर एकच नाव असतं. मिचिकोबाईंनी सांगितलं, वेल्शमध्ये ‘सावकाश’. मी खिडकीला डोकं टेकवलं. अख्ख्या प्रवासात पहिल्यांदा एका देशाने मला माझ्या मनातलं सांगितलं होतं.

कार्डिफ

हॉल खाडीजवळ होता. अडीचचा कार्यक्रम. दोन वाजले, शुभा नाही. सव्वादोन, नाही. मार्गरेटबाई माझ्याजवळ आल्या, माझ्या कागदावरची तांबडी काट बघितली आणि खोडरबर पुढे केला.

“ती येईल,” मी म्हणालो.

“येईल,” बाई म्हणाल्या. “तरी खोडा.”

मी खोडलं. पोलीस खात्यात वरिष्ठाचा हुकूम म्हणजे हुकूम. पण मिचिकोबाई दुरून ते बघत होत्या, आणि मला गोवर झालेल्या पोरीसमोर पकडला गेल्यासारखं वाटलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी शुभा आली. काळा शर्ट उलटा. केस ओले. मी तिला शर्टाचं सांगितलं, तिने पडद्यामागे तो सुलटा केला, सॅक्सोफोन गळ्यात अडकवला आणि म्हणाली, “बाबा, पहाटे चारला एक जण श्वासच घेईना. पाऊण तास.”

“मग?”

“मग घेतला.”

तेवढंच. बसली.

हॉल निम्मा भरलेला. पहिली दोन गाणी आम्ही कशी वाजवली ते मी सांगणार नाही; एवढंच सांगतो, की जपानशी इंग्लंडचे संबंध अजून टिकून आहेत. मग ते संथ गाणं. मिचिकोबाईंनी माइकवर सांगितलं, की शाळा सोडताना पोरं हे म्हणतात. शुभा उभी राहिली.

पहिली चार मापं तिने अशी वाजवली, की समोरच्या रांगेतल्या एका बाईने पर्समध्ये चाचपडायचं थांबवलं. सूर अगदी जवळून आला, कोणीतरी कानाशी नाव घ्यावं तसा. पाचव्या मापाला तान वर चढते. शुभाने श्वास घ्यायला तोंड उघडलं, आणि श्वास आलाच नाही. सॅक्सोफोन ओठाशी, बोटं जागेवर, छाती स्थिर. खाली फक्त ट्युबाचा प्लंबर, धप, धप.

मार्गरेटबाईंचे डोळे माझ्यावर.

समोर बारीक ठिपके. वाजवावं, तर अख्ख्या हॉलला कळणार, की ही उभी आहे पण हजर नाही. आणि शनिवारच्या चौकटीतली पेन्सिल शाईची होणार. न वाजवावं, तर गाणं तिथेच, तिच्या पायाशी पडणार, आणि ते तिने उचलायचं कशाने? एवढा विचार मी केला तो किती वेळात? एक माप. माझ्या आयुष्यात ह्याहून लांब स्वर मी धरलेला नाही, आणि हे निम्मं सोडू नये.

मी वाजवलं. पण मिचिकोबाईंच्या नियमाने नाही. जमादार मास्तरांच्या. मोहरीएवढं. इतकं हळू, की सूर सॅक्सोफोनच्या आतूनच निघतोय असं वाटावं. कवळी हलली, मी जिभेने दाबून धरली. एक माप. दोन. अडीच. मग शुभाच्या खांद्याची हालचाल दिसली. वर. आणि ती आली, मधूनच, माझ्या स्वराच्या पाठीवर पाय ठेवून. मी तिथल्या तिथे थांबलो. तीस वर्षांत पहिल्यांदा मी हुकमाआधी थांबलो. पुढची मापं तिची. मग ड्रम सुरू झाले, सूर ती मेली एक पायरी वर चढला, आणि आम्ही चाळीस दमलेली माणसं धापा टाकत त्याच्यामागे चढलो.

टाळ्या झाल्या. मार्गरेटबाईंनी शुभाला एकटीला उभं केलं. मला नाही. बरोबर केलं. बारीक ठिपकेवाल्याने उभं राहायचं नसतं. नंतर पडद्यामागे चहाला मिचिकोबाईंनी माझ्या बशीत एक बिस्किट जास्त ठेवलं. मार्गरेटबाई मात्र म्हणाल्या: “मिस्टर कडॅम, तुमचा सूर जरा उतरलेला होता.”

परत

येताना शुभा कोचमध्ये माझ्या शेजारी बसली. सॅक्सोफोनची पेटी दोघांच्या मध्ये, गुडघ्यांना टेकलेली. पूल येईपर्यंत ती झोपली. मी तिची छाती बघत होतो. वर, खाली. वर, खाली. हे काम किती दमवतं ते तेव्हा कळलं. आणि मी फक्त एकीची मोजत होतो.

पूल संपला, पाट्या पुन्हा एका भाषेत आल्या. जूनचं ऊन अजून शेतांवर लांब पडलेलं. ती जागी झाली, बाटलीतलं पाणी प्यायली, पेटीचं कुलूप नीट आहे का चाचपलं.

मला विचारायचं नव्हतं. पण तीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला न विचारता राहवत नाही.

“शुभे, शनिवारी तुला ऑफ आहे, ही पेटी मार्गरेटबाईंकडे न्यायचीय ना? मी येतो सोबत. जड आहे.”

“शनिवारी माझी ड्यूटी आहे,” ती म्हणाली.